कडूबाच्या घरचा नंबर

मित्रांनो, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणारा एक कारखाना आहे. त्याच्या कार्यालयामागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली मी पडून असतो. मी एक जुना संगणक आहे. आता मला कुणी चालू करत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. चालू होतो तेव्हाही मला फारसं काही वाटत नसे. जे सांगितलं ते मी ठेवून घेतलं, आणि ज्याला दाखवायला सांगितलं त्याला दाखवलं.

१९९८ साली औरंगाबादच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. गोणपाटात गुंडाळून जीपमधून मला इथे आणलं. कारखान्याच्या शेठजींनी नारळ फोडला, मला हार घातला. माझ्यासमोर बसायला उषाबाईंना नेमलं. सगळे त्यांना उषाताई म्हणत. कामगारांची नावं, पत्ते, हजेरी, दुखणीखुपणी, सगळं त्यांनी माझ्यात भरलं. पाहुणे आले की शेठजी त्यांना माझ्यापुढे उभं करत आणि म्हणत, "बोला, कुणाचं नाव काढू?" नाव पडद्यावर आलं की पाहुणे माना डोलवत. तेवढंच माझं कौतुक.

तेव्हा मी सगळ्यांना खुला होतो. कुणीही यावं, बोट लावावं, वाचावं.

अप्पाराव नावाचे एक कामगार भट्टीवर होते. कारखान्याच्या तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या छातीत क्षय आढळला. उषाताईंनी तो शेरा माझ्यात टाकला. चहाला आलेल्या कुणीतरी तो मागून वाचला आणि बाहेर सांगितला. अप्पारावांच्या पेल्यानं कुणी पाणी पिईना. डबा खायला कुणी जवळ बसेना. घरमालकानं खोली सोडायला लावली. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"उषाताई, औषध चालू हाय माझं. डाक्टर म्हणले, बिलकुल बरा होशील. मंग ह्या डब्यातलं बाहेर गेलं कसं?"

त्या आठवड्यात अप्पाराव काम सोडून गेले. त्यांच्या नावापुढे मी 'काम सोडले' एवढं ठेवून घेतलं.

शेठजींना ते लागलं. त्यांनी पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी कागदावर झाडासारखी आकृती काढली. शेंड्याला शेठजी, त्यांच्या खाली बाकीचे. कोण कुणाच्या हाताखाली आणि कुणाला काय दिसावं, हे त्यात ठरणार होतं.

"कामगार कुणाच्या हाताखाली दाखवू?" त्यांनी विचारलं.

हजेरी पाहणाऱ्या टाइम ऑफिसचे अण्णासाहेब पुढे झाले. "भरती मी करतो. माझ्याच हाताखाली दाखवा."

तसं झालं. भट्टीवर आणि सळईच्या यंत्रावर पहिल्या पाळीत काम सांगायचे सुपरवायझर देवानंद. पण माझ्यातल्या झाडात देवानंदांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. दुखणं, घरचा पत्ता, फोन नंबर हे सगळं 'खाजगी' म्हणून एकाच कप्प्यात गेलं. त्या कप्प्याचा पासवर्ड शेठजी आणि अण्णासाहेब या दोघांकडेच. उषाताईंनी माहिती भरायची, पण एकदा भरून झाली की त्यांनाही ती परत उघडता येत नसे.

"आता बराबर बंदोबस्त झाला," शेठजी म्हणाले.

आणि खरंच, त्यानंतर कुणाचं दुखणं माझ्यातून बाहेर गेलं नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात कडूबा नावाचा कामगार उषाताईंकडे आला. कुंभार पिंपळगावचा, सळईच्या यंत्रावरचा. त्याची सासू पडली होती, खुबा मोडला होता. तिचं करायला त्याची बायको मालनबाई माहेरी, आष्टीला, गेली होती.

"ताई, घरी आता कुणी न्हाई. तिकडचा नंबर लिवून घ्या. एस.टी.डी. वाल्याचा हाय, सासुरवाडीच्या दारासमोरच दुकान. बोलव म्हणलं की लगेच बोलावतो."

उषाताईंनी नंबर टाकला. मी ठेवून घेतला. कप्पा बंद झाला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळच्या पाळीत, यंत्रातून निघालेली लाल सळई वाट सोडून उसळली. कडूबाच्या पोटाला आणि मांडीला भाजलं. देवानंदांनी त्याला स्वतः गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. कडूबा मधूनच शुद्धीवर यायचा आणि एकच म्हणायचा, "मालनला बोलवा." पुढचं बोलणं त्याला सुधरत नव्हतं.

देवानंद धावत कार्यालयात आले. त्यांच्या सदऱ्याला जळक्याचा वास होता, असं उषाताई पुढे कितीतरी दिवस सांगत.

"उषाताई, जल्दी पहा न. कडूबाच्या घरचा नंबर."

उषाताईंनी त्याचं नाव काढलं. कप्पा उघडायची कळ दाबली. मी दाखवलं, ही माहिती पाहण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

"माझ्याच हातानं टाकलाय हो मी," त्या म्हणाल्या. "सासुरवाडीचा होता. गावाचं नाव, आकडे काही आठवून नाही राह्यले."

अण्णासाहेब लग्नाला परगावी गेले होते. शेठजी प्रवासात होते. उषाताईंनी पुण्याला फोन लावला.

"मला कळतंय ताई," सॉफ्टवेअरवाले साहेब म्हणाले. "पण शेठजींनीच बजावलंय, त्यांच्या शब्दाशिवाय कुणालाही उघडून द्यायचं नाही. त्यांना गाठा, मी इथेच फोनपाशी बसतो."

शेठजी सापडले नाहीत. उषाताई पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिल्या. मी पुन्हा पुन्हा तेच दाखवत राहिलो. नंबर माझ्यात होता. मला तो दिसत होता, असं म्हणायला हवं, पण दिसणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

शेवटी देवानंदांनी जीप पाठवली. ती आधी कुंभार पिंपळगावला गेली, कारण सगळ्यांना तेवढंच गाव माहीत होतं. घराला कुलूप. शेजारणीनं माहेर सांगितलं. तिथून जीप आष्टीला. तिथे बाजार भरला होता. विचारत विचारत घर सापडेपर्यंत ऊन उतरलं. मालनबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा कडूबाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

त्या काय म्हणाल्या ते देवानंदांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून सांगितलं. "रडल्या न्हाईत. म्हणल्या, म्या दिवसभर त्या फोनच्या समोर शेंगा फोडत बसल्ते. वाजला असता तर ऐकू आला असता."

उषाताईंनी माझा पडदा बंद केला आणि बराच वेळ चालू केला नाही.

शेठजी परतले. कार्यालयात सगळे उभे होते. ते कुणाकडे न पाहता म्हणाले, "सगळं उघडं करून टाका. नको ती कुलपं."

"नको शेठजी," उषाताई म्हणाल्या. "अप्पारावांचं काय झालं, विसरलात का?"

"मंग काय करू, तुम्हीच सांगा."

मग देवानंद म्हणाले, "दुखणं राहू द्या कुलपात. मला त्याच्याशी काय करायचं? पण माझ्या पाळीतल्या माणसाचं घर कुठं हाय, ते मला दिसाया पाहिजे."

अण्णासाहेब खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "पाळीची माणसं त्यांच्याच हाताखाली दाखवा. माझी हरकत नाही."

पुण्याचे साहेब पुन्हा आले. त्यांनी कप्पा दोन भागांत तोडला. पत्ता, फोन, रक्तगट हे ज्याच्या त्याच्या सुपरवायझरला आणि उषाताईंना दिसेल असं केलं. दुखणं वरच्या दोघांकडेच राहिलं. देवानंदांच्या नावाखाली पहिल्यांदा माणसं आली. कडूबाचं नाव त्यांत नव्हतं. तो हजेरीतून निघून गेला होता.

पावसाळा सरता सरता मालनबाई कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला लागल्या. माहिती भरायला त्या उषाताईंसमोर बसल्या. नाव, वय झालं.

"काही झालं तर कुणाला कळवायचं?"

मालनबाईंनी भावाच्या शेजाऱ्याचा नंबर सांगितला. मग पडद्याकडे पाहत विचारलं, "हे दिसंल का कुणाला?"

"तुमच्या सुपरवायझरला दिसेल. आणि मला."

उषाताईंनी टेबलावरचा फोन ओढला आणि तो नंबर लावला. तिकडे घंटी वाजली. कुणीतरी उचलला.

"काही न्हाई भाऊ," उषाताई म्हणाल्या. "नंबर बराबर हाय का, तेवढं पाहिलं."

मालनबाई पदर खोचून कामाला गेल्या.

पुढे नवे संगणक आले आणि मी मागच्या खोलीत आलो. मित्रांनो, माझं ऐकायचं असेल तर एवढंच ऐका. माणसाचं दुखणं ज्याच्या कानी पडलं, त्यानं ते चारचौघांत नेऊ नये. आणि ज्याच्या शब्दावर माणसं आगीपुढे उभी राहतात, त्याला त्यांच्या घरचा रस्ता माहीत असू द्यावा.