प्रोफेसर भिंगे दर भागात कसे हरतात

डॉक्टरबाईंची कांडी तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर गेली आणि विशू गप्प झाला. तीन महिन्यांपूर्वीही तो त्याच ओळीवर गप्प झाला होता.

"चष्मा दिवसभर असतो ना?" त्यांनी मला विचारलं.

"दिवसभर. आणि पट्टी चार ते आठ, रोज. मी स्वतः लावते."

मी हे जरा ठणकावूनच सांगितलं. मोबाइलवर गजर लावून, पाहुणे असोत की लग्नकार्य, मी ती पट्टी चुकवली नव्हती. विशूचा उजवा डोळा चांगला आहे, डावा आळशी. चांगल्यावर पट्टी चिकटवायची, वरून जाड भिंगांचा चष्मा, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागतं. विशूला सातवं संपत आलंय. आठ-नऊच्या पुढं डोळा शिकायला तयार होत नाही, हे मला पहिल्याच भेटीत सांगितलेलं. तेव्हापासून त्याचा वाढदिवस जवळ आला की मी उरलेले महिने मोजत बसते.

"मग थोडी तरी सुधारणा दिसायला हवी होती," डॉक्टरबाई सौम्यपणे म्हणाल्या. विशू खाली बघून सँडलचा पट्टा काढ-घाल करत होता.

घरी परतताना मुकुंदवाडीच्या अलीकडं मी स्कूटी कडेला घेतली.

"खरं सांग. शाळेत चष्मा कुठं असतो?"

 तो माझ्या पाठीला तोंड लावून म्हणाला, "कंपासमध्ये."

"कधीपासून?"

"भिंगेसर आले तेव्हापासून."

हे भिंगेसर शाळेतले नाहीत. आमच्या घरी रोज साडेसातला 'काजळकोट' ही मालिका लागते. जुना किल्ला, त्यात कोंडलेले सात आत्मे आणि त्यांना गुलाम करायला बघणारा एक दुष्ट मनुष्य. आधीचा दुष्ट मसणनाथ होता, जटा, राख, लाल डोळे. त्याच्या हसण्यानं विशू एकटा बाथरूमला जाईना, तेव्हा मीच कटकट करून करून घरात टीव्ही बंद करायला लावायची. मग दोन महिन्यांपूर्वी मसणनाथ मेला आणि प्रोफेसर भिंगे आले. शर्टाच्या खिशाला चार पेनं, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, हातात कॅल्क्युलेटर. आलेख-कागदावर अमावास्येचं गणित मांडणार, धुपानं शिंकणार, आणि भुतंच त्यांना "सर, तुमचं उत्तर चुकलं" म्हणून सांगणार. आमच्या घरात हसून हसून पुरेवाट. खोटं कशाला बोलू, मीही हसले. पोरगं घाबरायचं थांबलं म्हणून मला हायसंच वाटलं होतं.

"भिंगेसरांचा आणि तुझ्या चष्म्याचा काय संबंध?"

"त्यांचा चष्मा पडला की ते हरतात. मग ते असं असं चाचपडतात." त्यानं हवेत हात फिरवून दाखवले. "शाळेत पण सगळे मागून येतात आणि चष्म्याला टप्पल मारतात. आणि म्हणतात, भिंग्या, शोध. म्हणून मी आधीच काढून ठेवतो. मग पडतच नाही."

"आणि खाली खेळायला जातोस तेव्हा?"

"पट्टी पण काढतो. परत चिकटवतो."

त्या पट्टीच्या गोंदाला माती लागलेली मी बघितली होती. कितीदा तरी बघितली होती. घामानं सुटत असेल म्हणून मी दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या आणल्या. डब्यातली भाजी किती उरली ते बघणारी मी, वहीच्या कडा का दुमडल्या ते विचारणारी मी, आणि दोन महिने माझं पोरगं अर्ध्या डोळ्यानं शाळेत बसत होतं. मी स्कूटी सुरू केली. 

संध्याकाळी साडेसातला मी टीव्हीचा प्लग काढला. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, नुकतेच पाय वर घेऊन बसले होते.

"आता काय झालं?"

मी सांगितलं. तक्त्यापासून कंपासपर्यंत सगळं. आप्पा ऐकून घेऊन म्हणाले, "पोरं व्हय ती. आमाला काय कमी नावं ठेवली का लोकांनी? मी लंगडायचो तर मला अख्ख्या गावानं लंग्या म्हन्लं. मेलो का?"

"आप्पा, तुमच्या पायाला मुदत नव्हती. याच्या डोळ्याला आहे."

"अन् तो मसणनाथ होता तवा तूच म्हनायची, बंद करा, पोरगं भ्यायलंय. आता हसायलंय तरी बंद करा. मंग बघायचं तरी काय आम्ही, बातम्या?"

यावर सुदर्शन, म्हणजे माझा नवरा, हसला. तो कंपनीतून आला की त्याला हसायला काहीही पुरतं. "तनू, तो व्हिलन लई भारी लिहिलाय पण. भूतबीत सगळेच दाखवतात. गणितात नापास होणारा मांत्रिक कोणी दाखवलाय का?"

"भारी? मला एक सांग, त्याला घाबरतं कोण? किल्ल्यातलं मांजरसुद्धा घाबरत नाही. ज्याला कुणी घाबरत नाही तो खलनायक कसला? तो वर्गातला मार खाणारा पोरगा आहे. फक्त त्याच्या कपाळाला काळा टिळा लावलाय, म्हणजे त्याला मारताना आपल्याला वाईट वाटायला नको."

"अगं, मालिका आहे ती."

"मी मागचे बारा भाग आज दुपारी मोबाइलवर बघितले, सुदर्शन. पळवत पळवत, पण बघितले. त्याचं गणित एकदाच चुकलंय. बाकी अकरा वेळा बरोबर होतं. मंत्र बरोबर, तिथी बरोबर, तो जिंकत आलेला असतो. मग लिहिणाऱ्याला काही सुचत नाही, म्हणून चष्मा पाडायचा. अकरा वेळा! याच्यापेक्षा तो मसणनाथ परवडला. विशू त्याला घाबरायचा, पण स्वतःला मसणनाथ तर समजत नव्हता."

दोघांपैकी कुणी प्लग परत लावला नाही. मला वाटलं, पटलं. सोमवारी मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले, त्यांनी टपला मारणाऱ्यांना समोर उभं केलं. विशूचा चष्मा कंपासमधून बाहेर आला. आठ दिवस मी त्याला रोज विचारत होते आणि तो रोज "हो" म्हणत होता, आणि मी त्याच्या "हो"कडं संशयानं बघत होते.

गणपतीच्या आधीचा रविवार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. विशू समूहगीतात आहे, असं आप्पांनी सांगितलं होतं. साडेपाचला मी पट्टी नीट चिकटलीय ते बघून, चष्मा घालून त्याला त्यांच्याबरोबर खाली पाठवलं आणि पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

खालून हसणं आलं. पोरांचं नाही, मोठ्यांचं. आधी थोडं, मग लाट आल्यासारखं. मी कणकेच्या हातानं गॅलरीत आले.

पंपाच्या खोलीपुढं कमरेइतका उंच ओटा आहे, त्यालाच स्टेज केलं होतं. त्यावर विशू उभा. खिशाला चार पेनं. गळ्यात कॅल्क्युलेटर. आणि खालून करुणाताई, आमच्या सांस्कृतिक समितीच्या, हातात कागद घेऊन ओरडत होत्या, "आता चष्मा पाड, बेटा! पाड आणि शोध!"

विशूनं चष्मा काढला आणि हातातून सोडला.

चांगल्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर चष्मा नाही. त्या क्षणी माझ्या मुलाला काय दिसत असेल ते त्या अख्ख्या पार्किंगमध्ये फक्त मला माहीत होतं. तो गुडघ्यावर बसला. हात फिरवायला लागला. चष्मा उजवीकडं पडला होता आणि तो डावीकडं सरकत होता, ओट्याच्या कडेकडं.

तीन मजले मी कशी उतरले सांगता येणार नाही. जिन्यात काही दिसत नव्हतं, फक्त हसणं ऐकू येत होतं, आणि त्यात आप्पांचं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं. "वा रे माझ्या पठ्ठ्या! खरं वाटायलंय, खरं!"

मग हसणं एकदम तुटलं. चादर पांघरून भूत झालेली खुशनुमा, दुसऱ्या मजल्यावरच्या फहमिदाभाभींची मुलगी, ओरडली होती, "अरे रुको ना सब! उसकू सच्ची में नै दिखरा!"

मी पोचले तेव्हा तिनं चादरीतून हात काढून विशूची कॉलर धरून ठेवली होती. त्याचा एक गुडघा कडेच्या बाहेर होता.

मी त्याला मागं ओढलं. मग वळले.

"कोणी दिलं हे काम त्याला?"

"तनुजा, अगं, आप्पांनीच सुचवलं," करुणाताई म्हणाल्या. "मेकअपसुद्धा लागणार नाही म्हणाले..."

"मेकअप लागणार नाही." मी आप्पांकडं बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. "आप्पा, तुम्हाला मी सगळं सांगितलं होतं. प्लग काढून, समोर बसवून सांगितलं होतं. समूहगीत म्हणालात तुम्ही मला!"

"पोरी, हळू. लोकं बघायलेत."

"बघू द्या! इतका वेळ बघतच होते ना? माझं पोरगं आंधळ्यासारखं चाचपडत होतं आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात!"

"मला वाटलं..." आप्पांचा हात अजून टाळीसाठी वर होता, तो त्यांनी खाली घेतला. "पोरं चिडवतेत त्याला. म्हन्लं, स्टेजवर गाजला तर त्याच नावानं कौतुक करतील. मंग कोन चिडवंल?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. त्यामुळं राग कमी झाला नाही. उलट वाढला. वाईट हेतूनं केलं असतं तर निदान भांडून मोकळी झाले असते.

"त्याला विचारलंत?"

आप्पा मागं सरकले.

खुशनुमानं चष्मा उचलून आणला, चादरीनं पुसला आणि माझ्या हातात दिला. भिंग शाबूत होतं. मी विशूपुढं बसले. त्याच्या गालावर मातीत ओघळ उतरले होते. चष्मा मी तळहातावर धरला, पण घातला नाही. घातला असता तर तो मीच घातला असता. उद्या शाळेत मी नसणार.

 करुणाताई पोरांना काहीतरी सांगायला गेल्या, मी हात करून त्यांना थांबवलं.

"परत पाडायचा नाही ना?" विशूनं विचारलं.

"नाही."

"कोणी सांगितलं तरी?"

"कोणी सांगितलं तरी."

"आप्पांनी?"

आप्पा ओट्याला टेकून उभे होते, चार पावलांवर. त्यांना ऐकू येत होतं.

"आप्पांनी सांगितलं तरी."

"आणि तू? तू सांगितलंस तर?"

मला वाटलं होतं, माझा राग भोवती उभ्या असलेल्या लोकांवर आहे. "मी कशाला सांगेन?" हे तोंडावर आलं होतं. मग स्कूटीवर हवेत फिरलेले त्याचे हात आठवले नाहीत, काही नाही, फक्त टीव्हीपुढं हसणारी मीच दिसले.

"मी सांगितलं तरी नाही."

त्यानं माझ्या हातावर चाचपडत चष्मा शोधला. एक दांडी चुकून पट्टीत अडकली, ती त्यानं सोडवली आणि स्वतःच्या कानामागं नीट बसवली. मग माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, पट्टी नसलेल्या डोळ्यानं, बराच वेळ.

"तुझ्या हाताला कणीक आहे," तो म्हणाला.