दुसऱ्या ओळीनंतर

मनमाडहून लग्न होऊन नाशिकला आलेल्या सुवार्ताला सासरची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. गाणं छान रंगात आलं, की दुसऱ्या ओळीनंतर सासरे, शमुवेलबाबा, गप्प व्हायचे आणि त्यांच्याबरोबर अख्खं घर गप्प. पेटीवर तिची बोटं नुसती शिवशिवायची. वयामुळे दम लागत असेल म्हाताऱ्याला, असं मनाशी म्हणत ती दातओठ खात थांबायची.

एका रविवारी बाबा तापामुळे घरीच राहिले आणि चर्चमध्ये पेटी तिच्या हाती आली. आज थांबायचं कुणासाठी? दुसरी ओळ संपली, तशी ती धडाक्यात तिसरीत शिरली. मंडळी मात्र गप्पच. पेटी एकटीच ओरडत राहिली. मग सगळ्यांनी मिळून श्वास घेतला आणि सावकाश तिसरी ओळ उचलली.

घरी येताच तिने पर्स खुर्चीवर आपटली. "बाबा, दम तुम्हाला लागतो. सगळ्या चर्चला काय झालंय?"

"मला कुठे दम लागतो?" बाबा अंथरुणात उठून बसले. "दमा आमच्या याकोबमास्तरांना होता. आम्हा सगळ्यांना गाणं त्यांनीच शिकवलं."

"कुठे असतात ते?"

"प्रभूकडे. कित्येक वर्षं झाली."

"मग अजून कशाला थांबता?"

बाबांना प्रश्नच कळेना. "अगं, त्यांनी श्वास घेतल्याशिवाय पुढे कसं जायचं?"