सगुणाक्काचा पदर

मी एका लुगड्याचा पदर बोलतोय. लुगडं आता राहिलेलं नाही, म्हणून बोलायचं तर मीच बोलायला हवं.

इरकली लुगड्यात अंग सुताचं असतं आणि पदर रेशमाचा. विणकर आम्हा दोघांचे धागे मागावरच एकमेकांत अडकवून जोडतो. माझं अंग काळंनिळं होतं. मी लालभडक, आणि माझ्यावर कंगव्याच्या दातांसारखी पांढरी नक्षी. बेचाळीस साली सांगलीच्या पेठेत एका दुकानाच्या फळीवर मी घडी होऊन पडलो होतो. कुणीतरी लग्नाची नवरी नेसेल, सणासुदीला पेटीतून काढेल, असं वाटायचं. झालं वेगळंच. एक दिवस आप्पासो दुकानात आला. डोक्याला तेल, बोटांना शाई. त्यानं घडी उलगडली, मला आपल्याच खांद्यावर टाकून आरशात बघितलं आणि म्हणाला, "हा लांबनं दिसंल."

आप्पासोची नाटक मंडळी होती. मालक तोच, नाटकं लिहिणारा तोच, पडदा ओढणाराही कधी कधी तोच. मला त्यानं रंगूबाईच्या हातात दिलं.

रंगूबाई वडूजकडची, मेंढपाळाच्या घरची. माळावर मेंढरांना हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता, की ती हळू बोलली तरी कनातीबाहेरच्या माणसाला ऐकू जावं. नवरा मेंढरांमागं बेळगावच्या अंगाला गेला तो परत फिरलाच नाही. तिची एकच लेक होती, अंबू. तिला भाऊ अर्जुनाच्या पदरात टाकून रंगूबाई मंडळीत आली होती. वर्षातून दोनदा वडूजला जायची. एस्टी नव्हतीच तेव्हा, भाडं घेऊन माणसं नेणारी सर्व्हिसची मोटार असायची. परत येताना तिच्यात बसली की माझ्यात तोंड लपवून रडायची. माझा पहिला उपयोग झाला तो असा.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना. बत्त्या पेटवायच्या कशानं? आप्पासोनं तोडगा काढला. इस्लामपुरात कनात ठोकली आणि बाजाराच्या दिवशी दुपारी खेळ सुरू केला. खेळही असा, की एका दिवसात संपायचा नाही. 'शेलारांचा उंबरा' असं त्याचं नाव. दर बाजाराला नवा भाग. लोक मिरच्या-भाजी विकून यायचे, पिशव्या मांडीखाली घेऊन बसायचे आणि पुढं काय होणार ते आठवडाभर बोलत राहायचे.

शेलारांच्या घरात दोन जावा. थोरली सगुणाक्का, ती रंगूबाई. धाकटीचं काम मंडळीतली गोरी बनुबाई करायची. पहिल्या पहिल्या भागांत सगुणाक्का देवमाणूस होती. आपल्या ताटातली भाकरी धाकटीला वाढायची, सासूची बोलणी आपल्या अंगावर घ्यायची. बाजारातल्या बायका खेळ सुटल्यावर रंगूबाईला गाठायच्या. एकीनं तर खणानारळानं तिची ओटी भरली. म्हणाली, "सगुणाक्का, माज्या नशिबाला तुज्यासारखी जाऊ आली असती तर!" नारळ माझ्यातच बांधला होता. रंगूबाई कनातीत येऊन तो किती वेळ मांडीवर घेऊन बसली.

पण हळूहळू गर्दी ओसरायला लागली. चांगल्या माणसाचं किती दिवस बघायचं?

एकदा रंगूबाईचा घसा बसला होता. "बस गं, जेवून घे," एवढंच तिला धाकटीला म्हणायचं होतं. ते इतकं खरखरीत आलं, की बायकांच्या बाजूनं एकदम 'अगं बया!' झालं. साऱ्या कनातीनं मान पुढं काढली. आप्पासोनं आडून ते पाहिलं आणि त्याच बैठकीत पुढचा भाग फाडून नवा लिहिला.

त्यात सगुणाक्कानं दुधाचं भांडं लपवलं. त्याच्या पुढच्या बाजाराला धान्याच्या कणगीला कुलूप घातलं. मग धाकटीच्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलं. कनातीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मला कमरेला खोचलं, की लोकांनी ओळखायचं: आता ही काहीतरी करणार. रंगूबाईचा हात माझ्याकडं गेला, की पुढच्या बायका बोटं मोडायला लागायच्या.

रंगूबाईला मात्र ते पटत नव्हतं. ती एकदा आप्पासोला म्हणाली, "आवं, ही बाई कालपतुर आपली भाकरी देत हुती. आज असं का करती?"

"लोकांस्नी पायजे म्हणून."

"ते झालं लोकांचं. तिचं काय?"

आप्पासो पुन्हा कागदावर वाकला. मग उत्तर तिनंच शोधलं. मला नेसता नेसता स्वतःशी बोलायची. सगुणाक्काला मूलबाळ नाही. धाकटीला दिवस गेलेत. सगळं घर धाकटीभोवती फिरतंय. हिनं इतकी वर्षं जे दिलं, ते कुणाला आठवतसुद्धा नाही. असं सगळं मनाशी धरून ती रंगमंचावर जायची, आणि म्हणूनच ती खोटी वाटायची नाही. तिनं ती भूमिका वाईट केली असती, तर पुढचं काही झालं नसतं.

आधी आडावर सुरुवात झाली. बायका तिची घागर बाजूला सारायच्या. मग बाजारात कुणीतरी सडका कांदा मारला. रंगूबाई हसली. "म्हंजी काम चांगलं झालंया," म्हणाली. कांद्याचा डाग तिनं माझ्यावरून चोळून काढला.

मग एका दुपारी अर्जुना आला. अंबूचं लग्न वाळव्याकडच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा पलटणीत होता. रंगूबाईनं कापडाच्या टंचाईतही कुठून कुठून दोन चोळ्यांचे तुकडे जमवून ठेवले होते. ती ते काढायला उठली, तर अर्जुना म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का. सोयरीक मोडली."

"का? काय कमी पडलं?"

"मुलाची आई बाजाराला आलती. तुजा खेळ बघितला तिनं. म्हनली, पोरगी गुणाची असंल, पर रगात सगुणाक्काचं. उद्या माज्या धाकट्या सुनंला डागायची."

"आरं, ते नाटक हाय!"

"म्या सांगितलं की. ती म्हनली, आत असल्याबिगार भाईर येतंय व्हय?"

रंगूबाई खाली बसली. त्या दिवशी तिनं मला डोळ्यांना लावलं नाही, तोंडात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आप्पासोचे पाय धरले. "एक भाग द्या. सगुणाक्काला चूक कळू द्या. धाकटीच्या पाया पडू द्या. मग तिला मारून टाका, कायबी करा. पर एकदा लोकांनी तिला चांगली बघू द्या." आप्पासो दगड नव्हता. त्यानं तो भाग लिहिला. रंगूबाईनं आठ दिवस त्याची तालीम केली.

बाजाराचा दिवस आला. सगुणाक्का धाकटीसमोर गुडघ्यांवर बसली. मला तिनं दोन्ही हातांनी पसरलं आणि म्हणाली, "माज्या पोटी काय आलं न्हाई म्हणून मी तुज्या पोटावर जळले. ह्या पदरात कायबी टाक, शिव्या टाक, पर एकदा आक्का म्हण." मी इतकी वर्षं तिच्या खांद्यावर होतो, पण तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. ती सगुणाक्का नव्हतीच. ती आपल्या अंबूसाठी साऱ्या बाजारापुढं पदर पसरत होती.

मग मागून एकजण ओरडला, "सोंग करतीया! फसू नगं गं धाकटे!"

लोक हसले. शिट्ट्या झाल्या. मातीचं ढेकूळ येऊन तिच्या पाठीवर फुटलं. "भाईर काडा तिला!" सगळीकडून तेच सुरू झालं. आप्पासोनं आडून बनुबाईला खूण केली: ओढ, बाहेर काढ. बनुबाई घाबरली. तिनं वाकून माझी कड धरली आणि फक्त आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "माफी कर गं." मग तिनं ओढलं. मी हातभर फाटलो. रंगूबाई फरफटत उंबऱ्याबाहेर गेली आणि कनात टाळ्यांनी दणाणली.

पुढच्या भागात सगुणाक्का वेडी झाली. त्याच्या पुढच्या भागात नदीकाठी मेली. ते तर स्टेजवर दाखवलंसुद्धा नाही, गड्यानं येऊन सांगितलं. रंगूबाईचं काम संपलं. दुसऱ्या भूमिकेत तिला लोक बघून घेईनात. ती देवकी म्हणून उभी राहिली तरी खालून 'सगुणाक्का, कणगी उघड!' असं ओरडायचे. मंडळी सांगलीला जायला निघाली, तेव्हा आप्पासो तिला म्हणाला, "तू ऱ्हा आता." मला त्यानं तिलाच देऊन टाकलं. कापडासाठी लोक रांगा लावत होते, तरी दिलं. "दुसरी कोण हे नेसली तर तिला दगडं मारतील," म्हणाला.

ती धर्मशाळेत राहायला लागली. कुणाचे दाणे निवड, कुणाची भांडी घास, असं चाललं होतं. वर्षभरानं अर्जुना पुन्हा आला. बसला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अंबूला बघायला आल्ते. पसंत हाय."

"मग?"

"त्यांनी इचारलं, आई कुठं असती." तो जमिनीकडं बघत होता. "आक्का, म्या सांगितलं... आई ल्हानपणीच मेली."

रंगूबाईनं माझी फाटकी कड बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "बेस केलंस. गाव कंचं?"

"गाव इचारू नगंस."

"व्हय. मेलेल्या माणसाला गाव कशाला?" तिनं ते चोळ्यांचे तुकडे त्याच्या हातात दिले. "अक्षता कवा हायत, एवढंच सांग."

लग्नाच्या दिवशी ती धर्मशाळेच्या मागच्या अंगाला गेली. मुठीत अक्षता म्हणून थोडे जोंधळे घेतले होते. सूर्य कलता झाला तसे तिनं ते समोरच्या मोकळ्या भिंतीवर टाकले. चिमण्या आल्या. ती त्यांना हाकलत उभी राहिली.

त्यानंतर ती खचली. आधी बाजारात पोरंसोरं 'सगुणाक्का' म्हणून मागं लागायची, तेव्हा ती वाट बदलायची. मग एक दिवस दोन दिवसांची उपाशी असताना एका बाईनं म्हटलं, "त्या उलथन्याचं करून दाव, भाकरी देते." तिनं केलं. पुढच्या बाजाराला पुन्हा केलं. मग तेच तिचं पोट झालं. माझी फाटलेली कड ती कमरेला खोचायची, डोळे वटारायची, शिव्या द्यायची. बायका तिच्यावर थुंकायच्या, बोटं मोडायच्या आणि निम्मी भाकरी टाकायच्या. थुंकलं, की घरातली भांडणं जातात, असंही कुणीतरी उठवून दिलं होतं. दर बाजारानंतर मी आडावर धुतला जायचो.

स्वातंत्र्य येऊन वर्ष झालं असेल. बाजार भरात होता. रंगूबाई आपलं करून दाखवत होती. घोळक्यात एक पोक्त बाई होती, शालूबाई म्हणून कुणीतरी हाक मारली तिला. तिच्या मागं तिची सून, डोक्यावरून पदर, काखेत वर्षाचं मूल.

ती अंबू होती.

रंगूबाईचा हात माझ्यावरच थांबला. अंबूनं तिला ओळखलं, हे मला दिसलं. तिचे ओठ 'आ' म्हणायला उघडले होते.

शालूबाईनं सुनेला पुढं ढकललं. "ही बग ती. थुक. आपल्या घरात तसली अवदसा याला नगं." सून हलेना. "आगं थुक की! दया याया लागली व्हय? कोण लागती तुजी?"

माणसं बघायला लागली. अंबूचा चेहरा पांढरा पडला. अजून दोन क्षण गेले असते, तर ती बोललीच असती.

तेव्हा रंगूबाईनं मला खसकन कमरेला खोचलं, एक पाय पुढं टाकला आणि सगुणाक्काच्या त्या खरखरीत आवाजात ओरडली, "थुकतीस का न्हाई, भवाने? सासूचं ऐकावं! सासूचं ऐकलं तर घर ऱ्हातंय!"

घोळका हसला. शालूबाईसुद्धा हसली.

अंबू थुंकली. ते माझ्यावर पडलं.

मग त्या दोघी बांगड्यांच्या दुकानाकडं गेल्या. काखेतलं मूल मागं वळून बघत होतं. अंबू दिसेनाशी होईपर्यंत रंगूबाई शिव्या देत राहिली.

त्या दिवशी ती आडावर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर तिनं मला कधीच धुतलं नाही. बाजारात जाणंही सोडलं. झोपताना मला गालाखाली घ्यायची. पुढच्या उन्हाळ्यात, जत्रांच्या दिवसांत, धर्मशाळेच्या कोपऱ्यात ती गेली. चौघांनी उचललं. नाव विचारलं तर धर्मशाळा झाडणारी धोंडुबाई म्हणाली, "सगुणाक्का."

मला धोंडुबाईनं ठेवून घेतलं. तिचीही चूक नाही, कापड कुणाला मिळतंय? तिनं मला धुण्याच्या खाराच्या पाण्यात उकळलं आणि धोंड्यावर आपटलं. अंबूचं जे माझ्यावर होतं ते गेलं. अंग विरलेलंच होतं, त्याची तिनं पोतेरी केली. मी रेशमाचा म्हणून टिकलो. आता ती मला पिळून गोल करते आणि डोक्यावर ठेवते. माझ्यावर घागर असते. मी चुंबळ झालोय.

पदर म्हटला की शेवटी काहीतरी मागायला पसरायचाच असतो. मी पुष्कळ विचार केला. अंबूला निरोप द्या म्हणावं, तर तिचं घर मोडेल. रंगूबाईचं नाव कुठंतरी लिहा म्हणावं, तर ते वाचून कुणी अंबूपर्यंत पोचेल. तेव्हा एवढंच करा. कुठल्या बाजारात, कुठल्या गावात ती तुम्हाला भेटली, आणि बोलता बोलता आईचा विषय निघाला, तर ती सांगेल की आई लहानपणीच मेली. तुम्ही 'व्हय का' म्हणा आणि पुढं जा.