खिळ्यावर टांगलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझा जन्म अलीगढचा. आयुष्य मात्र हिंगोलीजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात गेलं. माझ्या पोटात चार पट्ट्या आहेत. खरी किल्ली फिरली की त्या एका रेषेत येतात आणि दांडा सरकतो. इतकं माझं साधं शास्त्र.

जिनाचे मालक व्यंकटराव. सरकी वेगळी करून रुई देणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे रेच्यांवर, कापूस घालायला आसपासच्या बाया येत. त्या आत गेल्या की मालक मला बाहेरून दाराला लावत. संध्याकाळी मला उघडल्यावर त्यांची झडती होई. कोणी ओच्यात कापूस नेईल, ही मालकांची भीती. "दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाई, ह्याचा हाय," म्हणत ते मला थोपटत. मी सुखावून जाई.

१९४१च्या हंगामात रेचे सांभाळायला तातेराव मिस्त्री आले.

"मालक, माणसं काहून कोंडता? रुई हाय. ठिणगी पडली तर?"

"आन् कापूस गेला तर?"

तेव्हा बायांमधली नर्मदाबाई पुढे आली. तिच्या एकटीच्या कामावर तिचं घर चालत होतं. "दार माझ्यावर सोडा, मालक. बोंडभर जरी गेला तर मला कामावरून काढा."

"मंग कुलपाला घरी बसवता व्हय?" शालूबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मला ते अजून टोचतं.

झडती थांबली. मला दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलं. "नर्मदाबाई, तुमचा भरोसा हाय," असं मालक म्हणू लागले. माझे शब्द! मी रोज संध्याकाळी तिच्या ओच्याकडे टक लावून पाहायचो. एकदा तरी त्यात कापूस सापडावा, असं मनापासून वाटे. सापडला नाही. उलट बाया खाली सांडलेला कापूसही वेचून ढिगावर टाकू लागल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझा जळफळाट आणखी वाढला.

एका दुपारी रेच्यात खडा गेला, ठिणगी उडाली आणि रुई पेटली. बाया क्षणात बाहेर. मला वाटलं, आता कळेल मालकांना, कोण टिकून राहतं ते! पण नर्मदाबाईनं सगळ्या सुखरूप आल्याची खात्री केली, हौदात पोती भिजवली आणि पुन्हा आत शिरली. मागोमाग साऱ्या जणी. तातेराव ओरडत होते, तरी त्या थांबल्या नाहीत. बरीचशी रुई वाचली.

व्यंकटराव धापा टाकत आले. "दार उघडं होतं. मंग परत आत काहून गेल्या?"

नर्मदाबाई भाजलेला हात पाण्यात धरून बसली होती.

"उघडं होतं म्हणूनच, मालक. कोंडलेलं मानूस नुसतं दार बघतंय. आमाला आपलं काम दिसलं."

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. थोपटलं मात्र नाही.

माणसाच्या आत कोणत्या पट्ट्या एका रेषेत येतात, ते मला अजून उलगडलेलं नाही. पण मित्रांनो, मला गोदामाला लावा, पेटीला लावा, कधीमधी तेलाचा थेंबही द्या. आत माणसं काम करत असतील तेव्हा मात्र मला खिळ्यावरच राहू द्या. तिथून नर्मदाबाईचा हेवा करायला मी मोकळा आहे.