बर्फातून वेचलेली अक्षरे

मित्रांनो, कॅनडातल्या विनिपेग शहराच्या सेल्कर्क रस्त्यावर ज्यांनी मला धडधडताना ऐकले, ती माणसे आता फार उरली नाहीत. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते. मी एक जुनी ट्रेडल आहे, पायाने चालवायची छपाईची मशीन. सुरुवातीची वर्षे मी लग्नपत्रिका आणि साबणाच्या जाहिराती छापल्या. मग लायझर ब्रोडकिन मला आपल्या दुकानात घेऊन आला आणि माझ्या जन्माचे सार्थक झाले.

लायझर रशियातून आलेला ज्यू. तिकडे मजुरांची सभा भरवली म्हणून तो तुरुंगात जाऊन आला होता. इथे तो टोप्या शिवून पोट भरी आणि ‘हाक’ नावाचे साप्ताहिक यिद्दिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या बोलीत, काढी. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, एकेक करून जुळवायला शिफ्रामावशी होती. हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ.

“लायझर, तुझं हे वाक्य सकाळी निघालंय, अजून घरी पोचलं नाही. पूर्णविराम दे की रे बाबा!”

“मावशी, विचार मोठा आहे.”

“विचार मोठा असू दे. माझ्याकडे खिळे मोजकेच आहेत.”

तेव्हा आमच्या वस्तीत नळ नव्हते. विहिरीच्या गढूळ पाण्याने दर उन्हाळ्यात विषमज्वर येई. शिफ्रामावशीची धाकटी लेक त्यातच गेली होती. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या श्रीमंत वस्तीत मात्र बागांनासुद्धा नळाचे पाणी होते. म्हणून लायझर नगरसेवकपदासाठी उभा राहिला. घरोघर नळ, एवढीच त्याची मागणी.

मतदानाला तीन दिवस उरले असताना, भर दुपारी, जुन्या नगरसेवकाचे चार गुंड दुकानात घुसले. त्यांनी घणाने माझा पायाने दाबायचा पायटा वाकवला आणि खिळ्यांचे सगळे खण रस्त्यावरच्या बर्फात उधळले. हजारो अक्षरे गुडघाभर बर्फात बुडाली. लायझर उंबऱ्यावर मटकन बसला.

“संपलं, मावशी.”

“काय संपलं? ऊठ!” मावशी कडाडली. मग रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने आरोळी ठोकली, “बायांनो, बादल्या आणा! चुली पेटवा! बर्फ वितळेल, शिसं नाही वितळणार!”

मित्रांनो, असे दृश्य मी पुन्हा पाहिले नाही. सगळी आळी फावडी घेऊन धावली. घरोघर पातेल्यांत बर्फ उकळू लागला आणि तळाशी अक्षरे टणटण वाजू लागली. बाया ती ओढणीत, बरणीत, बिटाच्या सुपाच्या भांड्यात घेऊन येत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनीही एकेक खिळा पुसून आणला. शेजारचा युक्रेनी लोहार ओस्ताप यिद्दिशचे अक्षर जाणत नव्हता, पण माझा पायटा त्याने सरळ केला. “नळ आला तर माझ्याही घरी येईल की!” तो म्हणाला.

तरी पुष्कळ खिळे हरवले होते. लायझरने तीन रकान्यांचे भाषण लिहून आणले. मावशीने ते बाजूला सारले.

“एवढे खिळे नाहीत. मोठ्या अक्षरांत एकच शब्द होईल.”

“कोणता?”

“तूच सांग. त्यासाठीच उभा राहिलायस ना?”

लायझरने भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. मग म्हणाला, “पाणी.”

तो एक शब्द मी पानभर छापला, दोन हजार वेळा. दारोदार, खिडक्यांवर, पावाच्या दुकानात तोच शब्द झळकला. लायझर अठ्ठ्याऐंशी मतांनी निवडून आला! लोकांनी त्याला खांद्यावर उचलले, तेव्हा तो ओरडत होता, “मला नको, मावशीला उचला!”

“खबरदार!” मावशी म्हणाली. पण तिलाही उचललेच.

पुढच्या शरदात आमच्या रस्त्यावर पहिला नळ आला. तो उघडायचा मान लायझरने मावशीला दिला. तिने पेला भरला, उन्हात धरून पाहिला आणि संथपणे, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग एकदम बँड वाजला.

लायझर बावीस वर्षे निवडून येत राहिला. आज मी ग्रंथालयात काचेमागे उभी आहे. मुले येतात, लांबून बघतात आणि जातात. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. ही काच काढा, माझ्या सांध्यांना तेल द्या आणि पायट्यावर पाय ठेवा. तुमच्या गल्लीत आज काय हवे आहे, ते मला सांगा. मी छापते.