अंबुबाईची हरळी

"अगं ए अंबूआक्का! ह्ये काय करून बसलीस गं?"

गडग्यापलीकडून रवळूची हाळी आली तेव्हा अंबुबाई शेवटच्या कोपऱ्यात फतकल मारून बसली होती आणि मनातून बेहद्द खूश होती. खुरप्याच्या टोकानं तिनं हरळीची एक लांबलचक काशी, जमिनीखालची गाठीगाठीची मुळी, ओढून काढली, झटकली आणि मागच्या ढिगावर फेकली. घरासमोरचा तो सगळा चौकोन आता कसा तांबडालाल, उघडा आणि नीटनेटका दिसत होता.

"काय म्हंजे? भांगलण केली," ती म्हणाली. "बघ की, काडी ठेवली न्हाय."

"भांगलण? आगं, लान हुता त्यो! सायबाचा लान!"

"कसला लान?"

रवळू शेजारच्या बंगल्यात माळी होता, आणि त्याआधी कँपात गोऱ्या साहेबाकडे होता; सणाला गावी जाऊन तो आजच परतला होता. त्यानं गडग्यावर दोन्ही हात टेकून तिला समजावून सांगितलं. ही हरळी आपोआप माजलेली नव्हती. हुकेरीकर साहेबांनी ती मुद्दाम लावली होती. कँपातून पोतं भरून काशा आणल्या होत्या, रोज पाणी घातलं होतं, वरून रूळ फिरवला होता.

"हराळी... लावली?"

कुणी घरात हौसेनं ढेकूण पाळलेत म्हणून सांगावं, तसं तिला वाटलं. मग तिची नजर त्या ढिगावर गेली आणि तिनं खुरपं खाली ठेवलं.

आता तिचं तरी काय चुकलं म्हणा! बेळगुंदीच्या शिवारात जन्म काढलेल्या बाईला विचारा, हरळी म्हणजे काय ते. हरळी म्हणजे सात जन्मांची दावेदारीण. रताळी लावा, भात पेरा, ही खालून आपली येतेच. उन्हाळ्यात नांगरामागं वाकून बायका काशा वेचतात, धोंड्यावर वाळवतात, पेटवतात. आणि पावसाळ्यात बघावं तर बया पुन्हा दारात हजर. ज्याच्या रानात हरळी त्याच्या घरची माणसं आळशी, हा गावाचा निवाडा. आणि अंबुबाई तर भांगलणीत एवढी तरबेज की, बायकांच्या ओळीत तिची पात नेहमी सगळ्यांच्या पुढं.

पण त्या हाताला घरात किंमत नव्हती. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. दीर भावकू आणि जाऊ नागुबाई यांच्या घरात ती राबत होती आणि गोठ्याच्या पडवीत निजत होती. भाकरी मिळायची, पण नागुबाई ती अशी पुढ्यात सरकवायची की घास घशाखाली उतरू नये. भाजी विकायला ती बाजारात यायची, तिथं हुकेरीकरांच्या जयाबाईंनी तिला हेरलं. पहिला माळी पळालेला होता. जयाबाई म्हणाल्या, "आमच्या बागेत काम करशील? मागं खोली आहे. राहा तिथंच."

खोली केवढीशी! हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. पण तिला आतून कडी होती. अंबुबाईनं पहिल्या दिवशी ती कडी उगीचच लावली, काढली, पुन्हा लावली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मालकीचं एक दार झालं होतं. हे दार सुटलं तर पुढं काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं: पुन्हा ती पडवी आणि पुन्हा ती भाकरी.

हुकेरीकर साहेब सर्व्हे खात्यातून पेन्शनीत निघालेले. उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, तेव्हा कुठं टिळकवाडीत स्वतःचा एक तुकडा पदरात पडला. घर बांधलं, आणि घरापुढं बाग कशी हवी त्याचा नकाशा स्वतः काढला. इथं गुलाबाचा गोल वाफा, तिथं मेंदीची कड, उंच झाडं मागं आणि बुटकी पुढं. अंबुबाईला त्यातलं काही उमगेना. ती आपली झाडागणिक विचारायची. रंगीत पानांचा क्रोटन लावताना तिनं विचारलं, "सायेब, ह्याला लागतंय काय?"

"काही लागत नाही."

"मग करत्यात काय ह्याचं?"

"बघतात."

"नुसतं बघत्यात?"

साहेब चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. आत जयाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

ती येऊन थोडेच दिवस झाले, तोवर दोघं गणपतीला थोरल्या लेकाकडे पुण्याला निघाले. जाता जाता साहेब म्हणाले, "तण माजू देऊ नकोस. मी येईन तेव्हा बाग स्वच्छ दिसली पाहिजे." पाऊस चांगला झाला होता. घरासमोरची हरळी वीतभर वाढून अस्ताव्यस्त पसरली. अंबुबाईला वाईट वाटलं. एवढी शिकलीसवरली माणसं, आणि ऐन दारात हरळी! कुणी बघितलं तर काय म्हणेल? साहेब सकाळी तिच्यावरून अनवाणी फिरायचे ते तिनं पाहिलं होतं. तिला वाटलं, बिचारे, काढायचं कसं ते सुचत नसंल. ज्यांनी आपल्याला दार दिलं त्यांचं दार आपण साफ करायचं, म्हणून ती ईर्ष्येनं कामाला लागली होती.

"आता काय करू रं रवळू?"

"परत लाव. काशा बोटाबोटानं तोड, वळीनं पूर, वरनं माती दाब आन् पाणी मार. लान असाच लावत्यात."

"वाळल्यात की रं! मी चांगल्या खडखडीत वाळवल्यात." हे सांगताना तिला रडू फुटलं. जन्मभर शिकलेली विद्या तिनं अगदी मन लावून वापरली होती.

आज काढलेल्या तेवढ्या मात्र ओल्या होत्या, आणि ढिगाच्या बुडाशीही थोडी ओल होती. तिथं हात घालून तिनं जिवंत वाटल्या त्या काशा निवडल्या आणि लावायला घेतल्या. रवळूनं दोरी धरून ओळी आखून दिल्या. त्यानं अक्कलही शिकवली, "सायेब आलं की सांग, गुरं घुसली हुती. कोण बघायला आलंय?" गुरं घुसली म्हटलं तर निभावलं असतं, हे अंबुबाईलाही कळत होतं. ती काशी पुरायची, माती दाबायची आणि पुटपुटायची, "जग गं बाई. एवढ्या खेपंला जग." ज्या हरळीला ती उभा जन्म 'तुझा सत्यानाश हो' म्हणत आली, तिच्यासाठी आता तिनं गावच्या देवाला नारळ बोलला होता.

गणपती पोचवून साहेब-बाईसाहेब परतले. टांगा फाटकाशी थांबला. साहेब उतरले आणि तिथंच खिळले.

"जया," ते हळूच म्हणाले, "आपली लॉन कुठाय?"

गडग्यापलीकडून रवळू खाकरला. "त्ये काय झालं सायेब, गुरं..."

"गुरं न्हाईत," अंबुबाई पुढं होऊन म्हणाली. खोटं काही तिच्या जिभेवर येईना. "मी काढली सायेब. मला वाटलं, हराळी हाय. म्हागनं रवळूनं सांगितलं तवा परत लावलीया. पर वाळली हुती. जगंल का न्हाय, ठावं न्हाय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "अगं, वेडी का खुळी तू? दोन वर्षं! दोन वर्षं जपली मी ती! दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येणार, त्यांच्या खुर्च्या हिरवळीवर मांडायच्या म्हणून किती दिवस मनात घेऊन बसलोय! आता काय, ढेकळांवर मांडू?"

"अहो, पण तण ठेवू नकोस म्हणून तुम्हीच बजावलंत ना?" जयाबाई म्हणाल्या. "ही तुमची लॉन म्हणून तिला कधी दाखवलीत?"

"लॉन दाखवायची असते का? ती दिसते!"

"तिला हरळी दिसली."

साहेबांचा राग काही उतरला नाही. "दसऱ्यापर्यंत बघतो," ते अंबुबाईला म्हणाले. "हिरवं दिसलं तर राहा. नाही तर दिराला निरोप धाडतो, घेऊन जाऊ दे तुला."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर अंबुबाईला चाललं असतं. दिराचं नाव निघालं आणि तिला ती पडवी डोळ्यांपुढं दिसली.

तेव्हापासून तिची झोप उडाली. सकाळी उठायची ती आधी त्या मातीकडे जायची. मातीत काही म्हणजे काही नाही. आणि एके दिवशी हरळी उगवली, पण कुठं? पायवाटेवर! मग गुलाबाच्या वाफ्यात. मग तुळशीवृंदावनाच्या फटीत. जिथं जिथं तिच्या हातून काशीचा तुकडा सांडला होता, तिथं तिथं बया डोकं काढून बसली, आणि जिथं पाहिजे तिथं शुकशुकाट.

रवळूला हसू आवरेना. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय म्हणत्यात. हिची तर मेल्यावरबी जाईना गं!"

"हस तू. हितं माझ्या जिवाला घोर लागलाय."

पण वाटेवरची हरळी तिनं फेकली नाही. तान्ह्या पोराला उचलावं तशी मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि चौकोनात नेऊन बसवली.

साहेब रागावलेले होते, तरी तेही सकाळी व्हरांड्यात येऊन उभे राहात. फिरायला निघालोय असं दाखवीत, आणि फाटकापर्यंत जाताना मान मात्र वाकडी करून मातीकडे बघत. नवरात्र बसायच्या आदल्या सकाळी ते असेच निघाले आणि मध्येच थबकले. धोतर सावरून गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"अंबुबाई! अंबुबाई, इकडे ये. हे बघ, हे काय?"

अंबुबाई धावली आणि शेजारी बसली. ओल्या मातीतून सुईच्या टोकाएवढं हिरवं वर आलं होतं. तिकडे एक, त्याच्याजवळ दुसरं, आणि बारकाईनं बघितलं तर अख्खी ओळ.

"आलीया सायेब," ती म्हणाली. "आली की वो!"

"आली!" साहेब ओरडले. आपण बाईमाणसाशेजारी मातीत गुडघे टेकून बसलोय, याचंही त्यांना भान राहिलं नाही. चहा घेऊन बाहेर आलेल्या जयाबाईंना दोघांच्या फक्त पाठी दिसल्या.

त्या दिवसापासून साहेबांनी तिला खरं शिकवायला घेतलं. हिरवळीला पाणी किती द्यायचं, विळ्यानं वरवर कशी छाटायची, दोरी लावून कड सरळ कशी राखायची. "हे बघ," ते म्हणाले, "हरळी तीच. कड राखली की लॉन, कड सोडली की तण. बाग म्हणजे एवढंच."

अंबुबाईनं मान हलवली. हे मात्र तिला चटकन पटलं. रान पोटासाठी असतं; आणि ही जागा माणसानं दमून आल्यावर नजर टेकायला असते, असं तिनं आपल्या मनाशी धरलं. मग क्रोटनकडे बघून तिला 'लागतंय काय' म्हणून विचारावंसं वाटेना. उलट तिनंच एकदा सुचवलं, "सायेब, झेंडू अबोलीच्या म्होरं नगं. उंच हुतोय, झाकून टाकंल." साहेबांनी मुकाट्यानं नकाशा खोडला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. हिरवळ दाट झाली होती असं नाही. मधे मधे मातीचे चट्टे दिसत होते. पण फाटकातून बघितलं की नजरेला हिरवंच लागायचं. साहेब एक चक्कर मारून आले. अंबुबाई पायरीखाली उभी होती.

"दुपारी खुर्च्या मांड," साहेब म्हणाले. "पायांखाली फळ्या घाल मात्र. कोवळी आहे अजून."

एवढंच बोलून ते आत गेले. अंबुबाई आपल्या खोलीत गेली, कडी लावली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन, पातळ बदलून ती खुर्च्या उचलायला बाहेर आली.

दिवस कलला तशी माणसं यायला लागली. आपट्याची पानं वाटली गेली, चहा झाला, कुणीतरी हिरवळीची तारीफ केली आणि साहेबांनी ती ऐटीत ऐकून घेतली. तेवढ्यात फाटकाबाहेर बैलगाडी थांबली. उतरला तो भावकू. अंबुबाईनं बाग उजाड केली अशी बातमी बाजारातून बेळगुंदीला पोचली होती. ती पुन्हा हिरवी झाल्याची काही पोचली नव्हती.

"वैनी, बोचकं बांध," तो आत शिरत म्हणाला. "भात कापणीला माणूस पायजेच हाय. नागी म्हणली, घिऊनच या. ही मोठी माणसं तुला किती दीस ठेवून घेत्यात?" तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. "आन् ह्ये काय गं? ऐन दारात हराळी? तुझ्या हाताला लकवा भरला काय?"

आणि सवयीप्रमाणे एक झुपका उपटायला तो वाकला.

"भावजी!"

खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. भावकूचा हात तसाच राहिला. घरात एवढी वर्षं काढली, पण ह्या बाईचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता.

"हात लावू नगा तिला," अंबुबाई म्हणाली. "ती माजल्याली न्हवं. मी लावलीया."

भावकूनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. साहेबांनी नुसती मान डोलावली. भावकूनं गवतावरचा पाय हळूच उचलून मागं घेतला, वहाणा काढून हातात धरल्या आणि वाटेवरून येऊन, बोचक्याचं नाव न काढता, वहिनीला सोनं दिलं.