इल्वाचा पट्टा

टिरिल होल्टे दमल्याचं सोंग इतकं हुबेहूब वठवायची, की एखादा नवा शिक्षक असता तर त्याने रुग्णवाहिका बोलावली असती. व्यायामाच्या तासाआधी ती कपाळावर आणि कानांमागे पाणी शिंपडून घ्यायची. टेकडीच्या पहिल्या वळणावर बर्चचं एक जुनं झाड होतं. त्याच्या आडोशाला उभी राहून बाकीचे वर जाऊन येईपर्यंत ती वाट बघायची आणि मग गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत घोळक्यात मिसळायची.

दहावीचं वर्ष होतं. टिरिलला ट्रॉन्डहाइम शहरात नाट्य शाखेला जायचं होतं. तिथला प्रवेश सगळ्या विषयांच्या सरासरीवर ठरतो, आणि तिची सरासरी व्यायामाने खाली ओढून धरली होती. या विषयात तिला सहापैकी तीन होते. चार मिळाले तर काम होणार होतं. व्यायामात वेगापेक्षा मनापासून केलेल्या प्रयत्नाला किंमत असते हे तिला ठाऊक होतं, आणि मनापासून प्रयत्न करताना दिसणं यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं.

मग शरद ऋतूत शाळेत हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे आले.

व्यायामाचा शिक्षक सिगब्यॉर्न औने याने ते एका प्लास्टिकच्या डब्यातून टेकडीच्या पायथ्याशी आणले. तीस वर्षं एकच राखाडी लोकरी टोपी घालणारा हा माणूस त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखा खुशीत होता. पट्टा छातीला बांधायचा, ज्याचं त्याचं नाव टॅबलेटवर उमटणार. चार मिनिटं चढावर जोर लावायचा, तीन मिनिटं रमतगमत चालायचं, असं चार वेळा. हृदय आपल्या शिखराजवळ पोचलं की नावापुढची रेघ लाल होणार, त्याखाली पिवळी, त्याखाली हिरवी, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याची करडी.

"लाल व्हायला जोरात पळावंच लागतं असं नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाचं लाल आपापलं असतं. कुणाला ते डोंगरमाथ्यावर भेटतं, कुणाला जिन्यावर."

हे शेवटचं टिरिलने ऐकलं नाही. ती मागे उभी राहून सिगब्यॉर्न कसा चालतो ते मैत्रिणीला, इल्वाला, करून दाखवत होती.

त्या तासाला तिने बर्चमागे आपला नेहमीचा प्रयोग केला. खाली आल्यावर सिगब्यॉर्नने तिच्या घामाकडे पाहिलं, मग टॅबलेटकडे.

"सुंदर," तो म्हणाला. "फक्त तुझ्या हृदयाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते झोपलंय."

वर्ग हसला. टिरिलही हसली.

इल्वा स्कॉगेन तिची लहानपणापासूनची शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण होतं आणि त्याला पडलेलं भोक दोघींनीच पाडलेलं होतं. इल्वा स्कीइंगमध्ये पंचक्रोशीत पुढे होती. तिचे वडील हालवार्ड क्लबचे प्रशिक्षक. येत्या शनिवारी चढावर धावण्याची शर्यत होती आणि त्या शर्यतीतून हिवाळ्याचा जिल्हा संघ निवडला जाणार होता.

"आपण पट्टे बदलू," टिरिल म्हणाली. "तू जगातली सगळ्यात जोरात पळणारी. तुझ्या छातीवर माझं नाव बांधलं की मी आपोआप लाल."

"आणि तुझ्या छातीवर माझं नाव? तू झाडामागे उभी राहणार आणि पप्पांना दिसणार मी करडी."

"नाही उभी राहणार. जरा चालेन भराभर."

"जरा नाही, पळायचं." इल्वाने विचार केला. "आणि शनिवारी शर्यतीच्या ठिकाणी वॅफल भाजायची पाळी आमच्या घराची आहे. ती तू करायची. सकाळपासून."

क्लबच्या कामाची पाळी चुकवणारा माणूस त्या गावात पुढची दहा वर्षं ओळखला जातो. टिरिलने हात पुढे केला.

बुधवारी कपडे बदलायच्या खोलीत अदलाबदल झाली. पट्ट्याची आतली बाजू ओली केल्याशिवाय तो चालत नाही आणि मुलं त्यासाठी सरळ जीभ लावतात.

"याला तू लावलीस?" टिरिलने विचारलं.

"गेल्या वेळी."

"मैत्रीसाठी माणूस काय काय करतो."

त्या दिवशी टिरिल खरोखरच पळाली. बर्चच्या पुढे रस्ता असा वळतो हे तिला या वर्षी पहिल्यांदाच कळलं. पायांत शिसं भरलं, कानांत ढोल वाजायला लागले, मधल्या तीन मिनिटांतही ते थांबेनात. इल्वा मात्र सगळ्यांच्या पुढे गाणं गुणगुणत वर जात होती. शर्यत तोंडावर असल्याने वडिलांनी तिला आठवडाभर अंग राखायला सांगितलं होतं, आणि शाळेची टेकडी म्हणजे तिला पाय मोकळे करण्यापुरतीच होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीत सिगब्यॉर्नने टिरिलला आपल्या खोलीत बोलावलं. ती चार गुणांचं स्वागत कसं करायचं ते मनात घोळवत गेली: आधी अविश्वास, मग नम्रता.

त्याने टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. तिच्या नावाची रेघ बहुतेक हिरवी होती. एकदोनदा पिवळ्याला शिवून आली होती आणि प्रत्येक विश्रांतीत दगडासारखी खाली पडली होती.

"हे बघ. तू कशी पळालीस ते मी पाहिलं नाही, मी खाली होतो. पण शेवटपर्यंत गेलीस असं सगळे म्हणतात. आणि हृदय असं, जणू तू सोफ्यावर बसून मटार सोलतेयस. तीस वर्षांत असं हृदय मी या गावात दोनदा पाहिलं. दोघेही पुढे राष्ट्रीय संघात गेले."

टिरिलने टॅबलेट जवळ ओढून वरचं नाव पुन्हा वाचलं.

"आणि अशा हृदयाला तू झाडामागे उभं करतेस," तो शांतपणे म्हणाला. "कुवत एवढी आणि प्रयत्न एवढासा. खरं तर मला तिनाचे दोन करावे लागतील. मी हालवार्डशी बोललोय. सोमवारपासून तू क्लबच्या सरावाला."

ती बाहेर आली तेव्हा इल्वा कपाटांपाशी जमिनीवर बसली होती. मांडीवर डबा उघडा होता आणि तपकिरी चीजच्या पावाला तिने हात लावलेला नव्हता.

"मला शर्यतीतून काढलंय," ती म्हणाली.

"कुणी?"

"पप्पांनी. सिगब्यॉर्नने त्यांना माझी रेघ दाखवली. पहिल्या मिनिटापासून लाल, विश्रांतीतही खाली येत नाही. हृदयात काहीतरी बिघाड असणार म्हणाले. पुढच्या आठवड्यात डॉक्टर. तोवर मी जिनासुद्धा हळू चढायचा."

"पण ती रेघ माझी आहे."

"मला माहितेय ती कुणाची आहे."

"म्हणजे बिघाड माझ्यात?"

"तुझ्यात बिघाड नाही, टिरिल. तुझ्यात वॅफल आहेत."

टिरिल तिच्या शेजारी बसली. "तू का नाही सांगितलंस त्यांना?"

"मी सांगितलं तर तू फसवणुकीत सापडतेस. मग चार कुठले आणि ट्रॉन्डहाइम कुठलं." इल्वाने डब्याचं झाकण लावलं. "तुझं तू बघ. मी नाही सांगणार."

ओरडली असती तर बरं, असं टिरिलला वाटलं. सुट्टी संपेपर्यंत तिने दोन्ही बाजूंचा हिशेब करून पाहिला. गप्प बसायचं, तर डॉक्टर पुढच्या आठवड्यात इल्वाला धडधाकट ठरवणार, आणि तोवर संघ निवडून झालेला असणार. बोलायचं, तर आपलं नाटक संपलं. तिसरं काही निघतं का ते तिने बराच वेळ शोधलं. मग उठली आणि पुन्हा त्या खोलीचं दार ठोठावलं. आत हालवार्डही होता, कॉफीचा कप हातात धरून, न पिता.

"इल्वाला काही झालेलं नाही," टिरिल म्हणाली. "आम्ही पट्टे बदलले होते. ती लाल रेघ माझी. कल्पनाही माझीच."

तिने हे विलक्षण साधेपणाने सांगितलं, आवाज जरासा कापला, डोळ्यांत पाणी आलं. दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टिरिल," सिगब्यॉर्न हळुवारपणे म्हणाला, "मैत्रिणीसाठी तुझा जीव तुटतो हे चांगलं आहे. पण नाटक पुरे."

"हे नाटक नाही."

"नाताळच्या कार्यक्रमात तू मेंढपाळाची आई झाली होतीस," हालवार्ड म्हणाला. "तेव्हाही मी रडलो होतो. माझ्या मुलीच्या हृदयाचा प्रश्न आहे. कुणी छान बोललं म्हणून मी तिला डोंगर चढू देणार नाही."

सत्य सांगूनही विश्वास बसत नाही हा अनुभव टिरिलला नवा होता. तिने टेबलावरच्या डब्यातून स्वतःचा पट्टा काढला, आतून जीभ लावली आणि स्वेटरच्या खालून बांधला.

"चला टेकडीवर," ती म्हणाली.

बाहेर बारीक पाऊस पडत होता. हालवार्ड पायथ्याशी छत्रीशिवाय उभा राहिला, सिगब्यॉर्नने टॅबलेट कोटाच्या आत धरला. टिरिल निघाली. बर्चपाशी पोचायच्या आत रेघ लाल झाली. वळणावर ती घसरली, चिखलात हात टेकले, उठली. पहिली विश्रांती आली तरी रेघ लालच.

"पुरे झालं की," हालवार्ड खालून म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं.

"एकाने काय सिद्ध होतं?" ती वरून म्हणाली. "बुधवारी चार होते."

चौथ्या वेळी तिला बोलता येत नव्हतं. कपाळावर जे होतं ते पाऊस की घाम हे तिलाही सांगता आलं नसतं. खाली आली तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, अगदी नेहमी करायची तशी, आणि आपण इतके दिवस ते थोडं चुकीचं करत होतो हे तिच्या लक्षात आलं. खरं दमलेला माणूस कुणाकडे बघत नाही.

सिगब्यॉर्नने दोन्ही रेघा शेजारी शेजारी लावल्या. बुधवारची इल्वाच्या नावाची आणि आजची टिरिलच्या नावाची. जुळ्या बहिणी.

"मग टिरिलच्या नावावर मी पाहिलेलं ते हृदय?" त्याने विचारलं.

"माझ्या घरचं," हालवार्ड म्हणाला. त्याने कॉफीचा कप इथवर आणला होता, तो आता एका घोटात संपवला. "आणि हिचं?"

"हिचं उत्तम आहे. फक्त वसंतानंतर त्याने डोंगर पाहिलेला नाही." सिगब्यॉर्न टिरिलकडे वळला. "पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं, प्रत्येकाचं लाल आपापलं असतं. तू नुसती भराभर चालली असतीस तरी वर्गात सगळ्यात लाल असतीस. फसवायची गरजच नव्हती."

टिरिलला हसायचं होतं, पण तेवढा श्वास शिल्लक नव्हता.

"बुधवारचा तास तुझ्यासाठी शून्य," तो म्हणाला. "इल्वासाठीही. आजचा धरतो. जूनपर्यंत असे किती येतात ते बघू. चार मी कुणाला देत नाही, घ्यावे लागतात. आणि सोमवारचा सराव विसरून जा, क्लबच्या लोकांना घाबरवायला नको."

शनिवारी टिरिल सकाळपासून चढाच्या शेवटच्या टप्प्याशी वॅफल भाजत उभी होती. ठरलेलं काम होतं, ते कुणी माफ केलं नव्हतं. इल्वाने तर सकाळी येऊन पीठ पातळ झालंय असं ऐकवलंही होतं. सिगब्यॉर्न रांगेत तिसरा होता, तीच टोपी.

तेवढ्यात वळणावर इल्वा दिसली, तिच्या पाठोपाठ शेजारच्या खोऱ्यातली एक उंच मुलगी. आज इल्वा गुणगुणत नव्हती. टिरिल पीठ ओतायचा पळा हातात तसाच घेऊन टेबलाखालून बाहेर आली आणि दोरीच्या बाजूने चढावर तिच्याबरोबर धावायला लागली, ओरडत, पीठ शिंपडत, थेट अंतिम रेषेपर्यंत. उंच मुलगी दोन पावलं मागे राहिली.

टिरिल परत आली तेव्हा साच्यातून काळा धूर येत होता. ती टेबलाला धरून उभी राहिली. कुणाकडे बघत नव्हती.

"आज पट्टा लावला असतास तर हाही तास धरला असता," सिगब्यॉर्न म्हणाला.

तिने साचा उघडला, जळालेलं वॅफल कागदात गुंडाळलं, त्यावर जॅमचा मोठा चमचा घातला आणि त्याच्या हातात ठेवलं.